सॉफ्टवेअर कुठल्या दारानं आत आलं, ते वहीत लिहा: लिनक्स मिंटवरची माझी पद्धत

तासगावात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, सोसायटीचे अहवाल आणि सीझनमध्ये बेदाण्याच्या बॉक्सची लेबलं अशी कामं असतात. दुकानातली मशीन बऱ्याच वर्षांपासून लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि ज्यांच्या मशीनवर विंडोज 11 चढत नाही अशी मंडळी माझ्याकडे यायला लागली. मिंट टाकून देणं हे एका दुपारचं काम आहे. त्यानंतर आठवड्याभरात फोन येतो, आणि प्रश्न ठरलेला असतो: "ताई, अमुक सॉफ्टवेअरचं सेटअप कुठल्या साइटवरून उतरवू?"

माझं उत्तरही ठरलेलं असतं. कुठल्याच साइटवरून नको. आधी ब्राउझर बंद कर.

विंडोजवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला हे पचत नाही. तिथली सवय अशी की गुगलवर शोधायचं, पहिल्या लिंकवर टिचकी मारायची, सेटअप उतरवायचं आणि नेक्स्ट-नेक्स्ट करत सुटायचं. मिंटवर सॉफ्टवेअर येतं ते रिपॉझिटरीतून, म्हणजे सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरच्या कोठारातून. मिंट 22 हे उबुंटू 24.04 वर उभं आहे आणि उबुंटू डेबियनवर (याही लिनक्सच्याच सिस्टिम), त्यामुळे सॉफ्टवेअरचे हजारो गठ्ठे, म्हणजे पॅकेजं, आधीच तयार करून सर्व्हरवर ठेवलेली असतात. प्रत्येक पॅकेजची यादीत नोंद असते आणि त्या यादीवर डिजिटल सही असते. तुमचं मशीन आधी सही तपासतं, मगच पॅकेज आत घेतं. ही तपासणी तुम्हाला दिसत नाही, पण दर वेळी होते.

वेबसाइटवरून उतरवलेल्या फाइलला असं कोणी तपासत नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये खुद्द लिनक्स मिंटची वेबसाइट फोडून कोणीतरी 17.3 सिनॅमनच्या आयएसओची (मिंट टाकायला लागणाऱ्या फाइलची) लिंक बदलली होती, आणि त्या दिवशी ज्यांनी ती उतरवली त्यांना आत मागचं दार, म्हणजे परक्याला गुपचूप शिरू देणारी वाट, बसवलेली प्रत मिळाली. प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवर हे होऊ शकतं, तर "फ्री डाउनलोड फुल व्हर्जन" असं हिरवं बटण मिरवणाऱ्या साइटचं काय सांगावं! म्हणून आयएसओ उतरवली की तिचा शा-256 आकडा (फाइलवरून काढलेला तिचा ठसा) साइटवर दिलेल्या आकड्याशी ताडून बघा आणि त्या आकड्यांच्या फाइलवरची सहीही तपासा. मिंटच्या साइटवर दोन्हीची पद्धत पायरीपायरीनं दिली आहे.

मशीन नवं असेल तर काहीही टाकण्याआधी तीन कामं उरकून घ्या. मेनूत सॉफ्टवेअर सोर्सेस उघडा आणि मुख्य मिररच्या, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरच्या नावावर टिचकी मारा. मिररची यादी येते आणि प्रत्येकासमोर वेग मोजून दिसतो. वरचा वेगवान मिरर निवडा. आमच्याकडे या एका गोष्टीनं अर्धा वेळ वाचतो. मग खालच्या पट्टीत ढालीचं चिन्ह आहे, तो अपडेट मॅनेजर. तो उघडून आलेले सगळे अपडेट घ्या. पहिल्या वेळी पसारा मोठा असतो, मोबाइलच्या दिवसाला दीड जीबीच्या प्लॅनवर हे करायला बसू नका.

तिसरं काम टाइमशिफ्ट. मिंटबरोबर तो आधीच असतो, फक्त चालू करायचा. आरसिंक हा पर्याय निवडा, जागा दाखवा, आठवड्याला एक स्नॅपशॉट (त्या वेळच्या सिस्टिमची प्रत) आणि दोन-तीन प्रती ठेवा, पुरे. काही बिघडलं तर मशीन मागच्या स्थितीला नेता येतं. दोन गोष्टी मात्र लोकांना उशिरा कळतात. टाइमशिफ्ट सिस्टिमची प्रत ठेवतो. होम फोल्डर तो मुळात घेत नाही, म्हणजे तुमचे फोटो आणि फाइली त्यात नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा. आणि स्नॅपशॉट लिनक्सच्या पार्टिशनवरच बसतो. विंडोजवर फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह तो घेत नाही.

आता प्रत्यक्ष काहीतरी टाकून बघू. मी सगळ्यांना याच उदाहरणावर शिकवते, कारण हे सॉफ्टवेअर मराठी माणसाच्या कामाचं आहे आणि ते असं फुकट मिळतं हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. जुना छापील मराठी मजकूर स्कॅन करून त्याचा टाइप केलेला मजकूर करायचा आहे. त्यासाठी दोन पॅकेजं लागतात: जीइमेजरीडर नावाचा प्रोग्रॅम, आणि त्यामागे अक्षरं ओळखायला राबणाऱ्या टेसरॅक्टचं मराठी भाषेचं पॅकेज.

सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा आणि शोधच्या चौकटीत रोमन अक्षरांत जीइमेजरीडर लिहा. पान उघडल्यावर लगेच इन्स्टॉल दाबू नका, आधी तपशील वाचा. पॅकेज सिस्टिमचं आहे की फ्लॅटपॅक (हा वेगळा प्रकार, त्याबद्दल पुढे), किती एमबी उतरणार, डिस्कवर किती जागा खाणार, हे तिथं लिहिलेलं असतं. दोन्ही प्रकार असतील तर निवडायला यादी येते. सिस्टिम पॅकेज घ्या, म्हणजे रिपॉझिटरीतलं. हे पहिलं दार. इन्स्टॉल दाबल्यावर बरोबर आणखी काय-काय येणार ते कधी कधी एका खिडकीत दिसतं. ही सोबतची पॅकेजं म्हणजे डिपेंडन्सी, त्यांना येऊ द्या. पासवर्ड द्या आणि चहा घेऊन या.

मराठीसाठी सिनॅप्टिक उघडा. दिसायला जुनाट आहे खरं, पण माझा सगळ्यात लाडका प्रोग्रॅम हाच. सॉफ्टवेअर मॅनेजर चित्रं आणि तारे दाखवतो, सिनॅप्टिक एकेक पॅकेज नावानिशी दाखवतो. शोधात टेसरॅक्ट लिहिलं की भाषांची लांबलचक यादी येते, प्रत्येक भाषा वेगळं पॅकेज. शेवटी 'मार' (एम, ए, आर) ही तीन रोमन अक्षरं असलेलं शोधा, ते मराठीचं. डावीकडच्या चौकोनावर टिचकी मारून 'मार्क फॉर इन्स्टॉलेशन' म्हणा आणि वरचं अप्लाय दाबा. अप्लाय दाबेपर्यंत काहीही घडत नाही, त्यामुळे चुकून खूण केली तरी काढता येते. 'हिन'नं (एच, आय, एन) संपणारं पॅकेजही घेऊन ठेवा, मराठी ठरावात मधेच हिंदी परिपत्रकाचा उतारा आला तर उपयोगी पडतं.

मग जीइमेजरीडर उघडा, 300 डीपीआयला स्कॅन केलेलं पान आत घ्या, वरच्या यादीतून मराठी निवडा आणि ओळखायला सांगा. अलीकडची स्वच्छ छपाई असेल तर मजकूर चांगला येतो. खिळे जुळवून छापलेल्या, शाई पसरलेल्या पानात रफार आणि अनुस्वार हरवतात, तिथं नजर घालावीच लागते. तरी सगळं हातानं टाइप करण्यापेक्षा परवडतं.

मराठी टाइप करण्यासाठी मात्र काहीच टाकावं लागत नाही. कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट जोडताना मराठी शोधा. इनस्क्रिप्टही मिळतो आणि उच्चाराप्रमाणे चालणारा कगपही. हे सांगितल्यावर लोक थोडे खट्टू होतात, कारण त्यांनी त्यासाठी कुठली तरी साइट शोधून ठेवलेली असते.

आता दुसरं दार, फ्लॅटपॅक. रिपॉझिटरीतली आवृत्ती जुनी आहे अशी तक्रार कॉलेजची मुलं हमखास करतात. तक्रार खरी आहे. फोटोवर काम करायचं गिम्प घ्या: 3.0 मार्च 2025 मध्ये आलं, आणि मिंट 22 च्या रिपॉझिटरीत अजून 2.10 आहे. मिंट 22 ला 2029 पर्यंत सपोर्ट आहे, पण त्याचा अर्थ सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतील एवढाच. नवी वैशिष्ट्यं त्या दारानं येणार नाहीत.

हे मला गैरसोयीचं वाटत नाही, उलट बरं वाटतं. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या अगदी साध्या सॉफ्टवेअरच्या 5.6.0 आणि 5.6.1 या ताज्या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम मागचं दार बसवलेलं सापडलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय या शंकेनं आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरनं ते खणून काढलं. डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग या चाचणीच्या शाखांत ते शिरलं होतं, पक्क्या स्टेबलमध्ये नाही. जुन्यावर राहणारे त्या वेळी निवांत होते.

तरीही एखाद्या कामाला नवी आवृत्ती खरोखरच हवी असते. लेबलांच्या डिझाइनसाठी मला इंकस्केप या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती हवी असते, ते मी फ्लॅटपॅकनं घेते. त्याच सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये, त्याच पानावर, यादीतून सिस्टिम पॅकेजऐवजी फ्लॅटपॅक निवडायचं. फ्लॅटपॅक आपल्या गरजेचं सामान बरोबर आणतं, सिस्टिमच्या पॅकेजांना हात लावत नाही. म्हणून पहिलं फ्लॅटपॅक टाकताना डाउनलोड कित्येकशे एमबीचा दिसतो आणि लोक दचकतात. त्यातला बराचसा भाग रनटाइमचा, म्हणजे चालायला लागणाऱ्या समाईक सामानाचा असतो आणि पुढची फ्लॅटपॅकं बऱ्याचदा तेच वापरतात. चार जीबी रॅम आणि लहान डिस्कच्या मशीनवर दहा-दहा फ्लॅटपॅकं चढवू नयेत हे मात्र खरं.

मिंट 22 मध्ये ज्यांच्या मालकाची खातरजमा झालेली नाही अशी फ्लॅटपॅकं मुळात दाखवतच नाहीत. ते सेटिंग तसंच राहू द्या. बँकेचं किंवा पासवर्डचं काही असेल तर नक्कीच. आणखी एक. काही फ्लॅटपॅकांना सगळ्या फोल्डरांची परवानगी नसते, त्यामुळे पेनड्राइव्हवरची फाइल उघडत नाही आणि माणूस पेनड्राइव्हला शिव्या देतो. फाइल होम फोल्डरमध्ये घेऊन उघडून बघा, किंवा फ्लॅटसील हा परवानग्या बदलायचा प्रोग्रॅम टाकून परवानगी वाढवा.

तिसरं दार म्हणजे डेब फाइल, साइटवरून सुटं उतरवायचं पॅकेज. एखाद्या कंपनीचं सॉफ्टवेअर रिपॉझिटरीत नसेल, आणि कंपनी स्वतः डेब देत असेल, तरच हे दार. माझ्याकडे हे बहुतेक वेळा प्रिंटरच्या ड्रायव्हरसाठी उघडतं. आधी प्रिंटर नुसता जोडून बघा, हल्लीचे बरेचसे आपले आपण लागतात. एचपीसाठी एचपीलिप हे ड्रायव्हरचं पॅकेज मिंटमध्ये असतंच. नाहीच लागला तर कंपनीच्या साइटवर जा. तिथं डेब आणि आरपीएम असे दोन प्रकार असतील, त्यातला डेब आपला. पुढे 'एएमडी64' लिहिलेलं दिसेल. "पण माझं मशीन इंटेलचं आहे" असं म्हणून कोणी ते सोडून देतं, तसं करू नका. 64 बिटच्या इंटेलला आणि एएमडीला दोघांनाही तेच चालतं. फाइलवर डबल टिचकी मारली की इन्स्टॉलर उघडतो, डिपेंडन्सी रिपॉझिटरीतून ओढतो आणि नसेल तर स्पष्ट सांगतो. कुठल्याशा जुन्या लेसर प्रिंटरचा ड्रायव्हर आजही 32 बिटचा असतो आणि त्यावर संध्याकाळ जाते. अशा प्रिंटरपायी मी गिऱ्हाइकाला मिंट घेऊच नको असंही सांगितलं आहे.

डेब टाकताना लक्षात ठेवायचं ते हे: काही डेब आपली स्वतःची रिपॉझिटरी गुपचूप यादीत घालतात आणि पुढचे अपडेट देतात, काही घालत नाहीत. न घालणाऱ्या डेबला नंतर कोणी वाली नाही, दर वेळी तुम्हालाच साइटवर जाऊन बघावं लागेल. सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये अॅडिशनल रिपॉझिटरीज या भागात डोकावलं की काय घातलं गेलंय ते कळतं.

पीपीएबद्दल, म्हणजे कोणीतरी स्वतः चालवलेल्या बाहेरच्या रिपॉझिटरीबद्दल, थोडक्यात. जुने लेख, जुने व्हिडिओ सगळे पीपीए घालायला सांगतात. फ्लॅटपॅक येण्याआधी इलाज नव्हता. आता मी घालत नाही. कुणा एका माणसानं चालवलेली रिपॉझिटरी तो कंटाळला की बंद पडते आणि तुमच्या अपडेट मॅनेजरमध्ये लाल चुका दिसत राहतात. अॅपइमेज त्या मानानं निरुपद्रवी. एकच फाइल, टाकायचं काही नाही. उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, परमिशन्स, तिथं चालवायची परवानगी द्या आणि उघडा. नको झालं की फाइल डिलीट करा. मिंट 22 वर काही अॅपइमेज फ्यूज-2 नावाची लायब्ररी मागतात, ती सिनॅप्टिकमध्ये मिळते.

टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, भीती घालवायला चार आज्ञा पुरतात. मी त्या फोनवर सांगते तशाच इथं लिहिते आहे, टाइप करायच्या त्या रोमन छोट्या अक्षरांत, प्रत्येक शब्दानंतर जागा सोडून. सुडो म्हणजे एस, यू, डी, ओ; त्यानं पुढची आज्ञा मालकाच्या अधिकारानं चालते. एपीटी हा रिपॉझिटरीतून पॅकेजं आणणारा प्रोग्रॅम. पासवर्ड देताना टाइप केलेली अक्षरं पडद्यावर दिसत नाहीत, मिंटवर त्यांच्या जागी तारे उमटतात. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करा आणि एंटर मारा.

सुडो एपीटी अपडेट: यादी ताजी करते, सॉफ्टवेअर बदलत नाही.

सुडो एपीटी अपग्रेड: टाकलेलं सॉफ्टवेअर नव्या यादीप्रमाणे वर नेते.

सुडो एपीटी इन्स्टॉल आणि पुढे पॅकेजचं नाव. एका ओळीत पाच-सहा नावं दिली तरी चालतात.

फ्लॅटपॅक अपडेट: इथं सुडोची गरज नाही.

शेवटची आज्ञा रोज लागत नाही, कारण अपडेट मॅनेजर फ्लॅटपॅकही बघतो. पण मशीन लांब असेल आणि फोनवरून काम करून घ्यायचं असेल, तर "डाव्या कोपऱ्यातलं ते हिरवं दिसतंय का" यापेक्षा एक ओळ टाइप करायला सांगणं सोपं जातं.

आता वीज. आमच्या भागात लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि इन्व्हर्टर सगळ्यांकडे नसतो. अपग्रेड चालू असताना लाइट गेली तर पुढच्या वेळी काहीही टाकायला गेलं की डीपीकेजी (प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) मधेच थांबलं होतं असा संदेश येतो. घाबरून फॉरमॅट करू नका. काय करायचं ते त्याच संदेशात लिहिलेलं असतं. सुडो, मग डीपीकेजी, मग दोन डॅश जोडून कॉन्फिगर, मग जागा सोडून एक डॅश आणि ए. अर्धवट राहिलेली पॅकेजं तो पुरी करतो. त्यानंतर सुडो एपीटी, दोन डॅश जोडून फिक्स-ब्रोकन, आणि इन्स्टॉल. बहुतेक मशीन एवढ्यावर उभी राहतात. नाही राहिली तर टाइमशिफ्ट आहेच, म्हणून तो आधी चालू करायला सांगितला.

दुसरा नेहमीचा संदेश म्हणजे लॉक मिळत नाही. याचा अर्थ एवढाच की दुसरीकडे काहीतरी टाकणं किंवा अपडेट करणं चालू आहे. बऱ्याचदा मागे सिनॅप्टिक उघडा राहिलेला असतो. नेटवर लॉकची फाइल डिलीट करा असे सल्ले सापडतील, त्यांच्या नादी लागू नका. मागचं काम संपू द्या.

काढून टाकताना नियम एकच: ज्या दारानं आलं त्याच दारानं बाहेर. सिस्टिम पॅकेज असेल तर मेनूत त्याच्या नावावर उजवी टिचकी मारून अनइन्स्टॉल, किंवा सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये रिमूव्ह. सेटिंगच्या फाइलींसकट हवं असेल तर टर्मिनलमध्ये सुडो एपीटी पर्ज आणि पुढे पॅकेजचं नाव. त्यातही होम फोल्डरमधली तुमची सेटिंग राहतात, ती हातानं काढायची. नंतर सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह म्हटलं की सोबत आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजं जातात. फ्लॅटपॅकचे उरलेले रनटाइम काढायला फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल आणि पुढे दोन डॅश जोडून अनयूज्ड.

हो म्हणण्याआधी काय जाणार आहे ती यादी वाचा. हे मी ओरडून सांगते. 2021 मध्ये लिनस सेबॅस्टियन या नावाजलेल्या यूट्यूबरनं पॉप ओएसवर स्टीम टाकायला घेतलं. पॅकेजात त्या दिवशी गडबड होती. डेस्कटॉपच काढून टाकणार अशी यादी समोर आली आणि खात्रीसाठी 'होय, मी म्हणतो तसंच कर' अशा अर्थाचं आख्खं वाक्य टाइप करायला सांगितलं. त्यानं ते टाइप केलं आणि डेस्कटॉप गेला. एक क्षुल्लक खेळ काढताना यादीत सिनॅमन, एक्सऑर्ग किंवा मिंट-मेटा असली डेस्कटॉपच्या मुळाची नावं दिसली की नाही म्हणा आणि उठा.

माझ्या काउंटरवर एक दोनशे पानी वही असते. प्रत्येक मशीनला दोन पानं. तारीख, सॉफ्टवेअरचं नाव, आणि पुढे एक अक्षर: सि म्हणजे सिस्टिम, फ्लॅ, डे, किंवा अॅ. डेब असेल तर कुठल्या पानावरून उतरवली तेही. मशीन स्वतःही नोंद ठेवतं. व्हार, त्यात लॉग, त्यात एपीटी या फोल्डरमध्ये हिस्टरीची फाइल असते, तिच्यात तारखेनिशी काय आलं आणि काय गेलं ते सापडतं. पण फ्लॅटपॅक आणि अॅपइमेज त्यात नसतात, आणि मशीन चालूच होत नसेल तेव्हा ती फाइल उघडणार कशी? वहीची पानं त्या वेळी कामाला येतात: नवी डिस्क बसवली, मिंट टाकलं, की सि लिहिलेली सगळी नावं एका ओळीत एपीटी इन्स्टॉलपुढे द्यायची, फ्लॅ लिहिलेली सॉफ्टवेअर मॅनेजरमधून, आणि डेब सगळ्यात शेवटी, तीही साइटवरून ताजी उतरवून. गेल्या वर्षीची पेनड्राइव्हवरची डेब वापरायची नाही.